धीराचे दोन शब्द, जर्मनमध्ये
(नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी)

जर्मन भाषेची बी-दोन पातळीची परीक्षा पास झाली, व्याकरण पक्कं झालं, तरी वॉर्डात अडायला होतं ते घाबरलेल्या पेशंटला धीर देताना. पुस्तकातलं 'माखन झी झिश काइनऽ झॉर्गन' (काळजी करू नका) अगदी बरोबर आहे. पण रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस 'काइनऽ झॉर्गऽ' एवढ्यावरच भागवतो. 'आलेस गूट' (सगळं ठीक आहे) तर दिवसभर ऐकाल. धक्का लागला म्हणून कुणी माफी मागितली तरी उत्तर तेच.

खरी गंमत छोट्या शब्दांत आहे. सुई टोचताना आजींनी हात आखडला, तर लांबलचक समजावत बसू नका. 'ग्लाइश फॉरबाय' म्हणा, म्हणजे 'आत्ता होईल बघा'. मग 'इश बिन या दा', म्हणजे 'मी आहे ना'. इथला 'या' होकाराचा नाही, तो आपल्या 'ना'चं काम करतो. तो गाळलात तर वाक्य नुसती माहिती देतं, आधार देत नाही. 'शोन'चंही तसंच. 'दास विर्ट शोन वीडर' म्हणजे 'होईल हो बरं'. ताप, मोडलेला हात, अशा बऱ्या होणाऱ्या दुखण्यात हे वाक्य गोड लागतं. गंभीर आजारात मात्र ते तोंडी आणू नका, उडवून लावल्यासारखं वाटतं. तिथे शेजारी बसून 'इश बिन या दा' पुरे.

'बेरूइगन झी झिश' (शांत व्हा) हे वाक्य आम्ही मुद्दाम टाळायला शिकवतो. चिडलेल्या माणसाला ते दटावल्यासारखं लागतं आणि तो आणखी भडकतो. त्याऐवजी आवाज खाली आणून, सावकाश 'गान्स रूइश' (अगदी शांतपणे) म्हणा आणि लगेच पुढे काय होणार ते सांगा : डॉक्टर किती वाजता येतील, गोळी कधी मिळेल. जर्मन पेशंटला नेमकी वेळ कळली की निम्मी धास्ती उतरते, असा आमच्याकडून गेलेल्या मुलामुलींचा अनुभव आहे.

सहकाऱ्यांशी 'दू'वर (म्हणजे 'तू'वर) आलात की भाषा सैल होते. 'माख दिर काइनन कॉप्फ' म्हणजे डोक्याला ताप करून घेऊ नकोस. 'हाल्प झो विल्ट' म्हणजे एवढं काही झालं नाही. पण पेशंटच्या दुखण्याला हे कधीही म्हणू नका. बायर्न (बव्हेरिया) राज्यात 'पास्ट शोन' (ठीक आहे, चालेल) सर्रास चालतं. कोलोनकडे गेलात तर तिथल्या बोलीतलं 'एट हेट नोख एमर योट येयांगे' कानावर येईल : आजवर निभावलंय, पुढेही निभावेल. आणि परीक्षेआधी कुणी 'विर्ट शोन शीफगेऽन' म्हणालं, तर दचकू नका. शब्दशः ते 'बिघडणारच' असलं, तरी ती शुभेच्छाच आहे.

ही सगळी वाक्यं संभाषणाच्या तासाला आपण जोडीनं, एकजण पेशंट आणि एकजण नर्स होऊन, मोठ्यानं म्हणून घेतो. उच्चार अडला तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, दुरुस्त करून परत पाठवू.