भिंगांचे पेटंट आणि जुन्या आकृत्या

पेटंट मागणाऱ्याचा शोध खरोखर नवा आहे का, हे ठरवताना परीक्षक आधी प्रसिद्ध झालेली पेटंटे व लेख चाळतो. त्यांतल्या आकृत्याही पुरावाच ठरतात. मजकुरात अवाक्षर नसले तरी एखादी रचना आकृतीत स्पष्ट दिसत असेल तर ती आधीच उघड झालेली मानतात. काढणाऱ्याला ती अभिप्रेत नव्हती, ही सबब चालत नाही. अमेरिकेत १९७२ च्या म्राझ निकालाने हे पक्के केले.

मात्र आकृतीवर पट्टी ठेवून मापे काढता येत नाहीत. आकृती प्रमाणात काढली आहे असे लिहिलेले नसेल आणि मजकूर मापांबद्दल गप्प असेल, तर अशा मोजणीला फारसे मोल नाही, असे राईट प्रकरणात १९७७ साली ठरले. युरोपीय पेटंट कार्यालयाचाही कल हाच आहे.

भिंगांच्या बाबतीत ही मर्यादा फार जाचते. पुढचे भिंग वस्तूच्या बाजूने फुगीर आहे, अपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) दुसऱ्या व तिसऱ्या भिंगांच्या मध्ये आहे, एवढे छेदचित्रावरून कळते. पेटंटमधला दावा, म्हणजे नवे काय ते सांगणारे कलम, मात्र बहुधा नाभीय अंतरांच्या गुणोत्तराचा असतो. तो पाडायचा तर वक्रता त्रिज्या, जाडी आणि अपवर्तनांक यांचे कोष्टकच हवे. ते संगणकात भरून भिंग पुन्हा उभे करतात.

पण कोष्टकही दगा देऊ शकते. इमरव्हिजन या कंपनीच्या पेटंटमधले भिंग प्रतिमेचा मध्य व कडा आकसते आणि मधला पट्टा फुलवते. हा गुण छेदचित्रात दिसण्यासारखा नाही, म्हणून ते पेटंट बाद करू पाहणाऱ्या एलजी कंपनीच्या तज्ज्ञाने एका जुन्या अमेरिकी पेटंटमधल्या आकड्यांवरून भिंग उभे केले. त्यातून वेडीवाकडी प्रतिमा मिळते, हे प्रतिपक्षाच्या तज्ज्ञाने दाखवले: अगोलीय (गोलाचा भाग नसलेल्या) पृष्ठांचा आकार सांगणारे गुणांक दुसऱ्याच भिंगाच्या कोष्टकातून उतरले होते आणि मूळ जपानी अर्जात वेगळेच आकडे होते. अमेरिकेत पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये बहुमताने निर्णय दिला की ही चूक जाणकाराला उघड दिसणारी आहे, त्यामुळे त्या आकड्यांनी दावा बाद होत नाही. न्यायाधीश न्यूमन यांना हे पटले नाही. जी चूक शोधायला तज्ज्ञाला तासन्‌तास लागले ती उघड कशी, हा त्यांचा आक्षेप, आणि तो सहज झटकण्यासारखा नाही.