नसबंदी झालेलं कुत्रं सोडायचं कुठे?

भटक्या कुत्र्यांवर सरकारी उपाय म्हणजे विष किंवा गोळी, ही रीत इंग्रजांपासूनची. 1832 मध्ये मुंबईत त्यावरून दंगलही झाली होती. 1990 च्या दशकात मद्रास आणि मुंबई नसबंदीकडे वळली, कारण मारून संख्या घटत नव्हती. 2001 मध्ये केंद्राचे नियम आले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, उचललं तिथेच सोडा.

वादाचं मूळ या 'तिथेच' मध्ये आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियेची सोय बहुतेक वेळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला. गाडी पाच गावांची कुत्री एकदम उचलते आणि परतताना एकाच फाट्यावर उतरवते. हद्द सुटलेलं कुत्रं अनोळखी गावात मार खातं, चावतं. इकडे त्याच्या मोकळ्या जागेवर नसबंदी न झालेली कुत्री येतात. रानडुकरांच्या जागलीसाठी शिवारात ठेवलेली कुत्री तूर-कापूस निघाला की गावाकडेच वळतात. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, म्हणजे मोकळी जागा लवकर भरते. म्हणून पकडताना गाव, गल्ली, खूण लिहून घेणं ही कामाची पहिली पायरी, आणि नेमकी तीच गाळली जाते.

दुसरी चूक घाईची. मादीचं पोट उघडावं लागतं, चार-पाच दिवस कोरड्या जागी कोंडून ठेवावं लागतं. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी सोडली तर टाके चाटून उसवतात, जखमेत अळ्या पडतात. एक मादी तशी मेली की गाव पुढच्या वेळी गाडी आत येऊ देत नाही. नराचं सोपं असतं, पण त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. पैसा कमी असेल तर आधी माद्या घ्याव्यात.

ऑक्टोबर 2022 मध्ये नागपुरात उच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत असं सांगितलं. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. 2023 च्या नव्या नियमांनी 'तिथेच' कायम ठेवलं आणि जबाबदारी पंचायतींपर्यंत आणली, निधीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता उलटा आदेश आला, की पकडलेली कुत्री परत सोडायचीच नाहीत; अकरा दिवसांत तो बदलला. नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत असं देशभरासाठी ठरवलं.

गावात कुत्री असतात नेमकी तिथेच: खिचडी वाटणाऱ्या जिल्हा परिषद शाळेच्या मागे, आरोग्य केंद्राच्या ओट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात. त्यांच्यासाठी निवारागृह तालुक्यालाही नाही. अशा कुत्र्यांना घर शोधणं हाच खरा मार्ग उरतो. लोक नर पिल्लू नेतात आणि मादी पोत्यात घालून वेशीबाहेर टाकतात, ही आमच्या भागाची सर्वात वाईट सवय. नसबंदी झालेली मादी राखण तेवढीच करते, दारात नरांची झुंड जमत नाही, हे घरोघरी सांगावं लागतं. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये, जंताचं औषध देऊनच द्यावं, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि मादी असेल तर सहाव्या महिन्यात नसबंदीची तारीख नेणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्यावी.