.३२ बोअरचं जुनं पिस्तूल आपल्याकडे आलं कसं

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात आजोबांचं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल आहे, आजोबांकडून बाबांच्या लायसन्सवर आलं आणि आता माझ्या. हे ओळखीत सगळ्यांना माहीत असल्यामुळे नवीन लायसन्स मिळालं की माणसं मला विचारतात, की जुनं फॉरेनचं घ्यावं का आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं नवीन. मी लगेच उत्तर देत नाही, कारण आपल्याकडे सगळ्यांच्या कपाटात .३२ च का निघतं, कोल्ट .४५ किंवा ९ एमएम का नाही, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. आणि ती गोष्ट बेल्जियमपासून सुरू होते.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाहमधला बंदूक बनवणाऱ्या घरातला माणूस. त्याचं पिस्तुलाचं डिझाइन लिएज शहराजवळच्या एर्स्ताल गावातल्या एफएन कंपनीने घेतलं आणि ते १९०० चं मॉडेल म्हणून बाजारात आलं. त्याच्यासोबतच ७.६५ मिमीचं, म्हणजे आपण ज्याला .३२ म्हणतो ते छोटं काडतूस जन्माला आलं. याची आतली रचना एकदम साधी आहे. गोळी पुढे सुटते तेव्हा तेवढाच धक्का मागे बसतो, आणि तो धक्का अडवायला आत कुठलंही लॉक नाही, फक्त स्लाइडचं, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागाचं, वजन आणि एक स्प्रिंग. स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते, येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या खाचेत, ढकलते. काडतूस कमी ताकदीचं आहे म्हणून हे जमतं. पुढे ब्राउनिंगनेच .४५ चं मिलिटरी पिस्तूल बनवलं तेव्हा बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारी वेगळी व्यवस्था करावी लागली. हा स्प्रिंगचा मुद्दा लक्षात ठेवा, खरेदी करताना त्याचं काम पडणार आहे.

आता ही ब्राउनिंग आपल्याकडे पहिल्यांदा गाजली ती नाशिकमुळे. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच ब्राउनिंगमधून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला फाशी झाली ती आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ ला मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, त्याच्यातच पुढे इंग्रजांनी जेल केलं. कोर्ट नाक्यावरून जाताना ती जुनी दगडी भिंत दिसली की मला दरवेळी आठवतं की कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते, आणि ठाण्यात राहून हे माहीत नसणारे लोक भेटले की खरंच वाईट वाटतं.

नंतर २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात हत्यारं विकणाऱ्या रोडा कंपनीच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं क्रांतिकारकांनी पळवली, तीही सेमी-ऑटोमॅटिकच, म्हणजे दरवेळी पुढची गोळी आपोआप भरणारी. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल म्हणजे कोल्टचं १९०३ चं मॉडेल, .३२ चं, घोडा आत लपलेला. डिझाइन परत ब्राउनिंगचंच. ते आज प्रयागराजच्या म्युझियममध्ये आहे. ज्याला जुन्या पिस्तुलाची आवड आहे त्याने विकत घ्यायच्या आधी एकदा ते काचेतलं कोल्ट बघून यावं असं मला मनापासून वाटतं.

वेब्ली मात्र समोरच्या, म्हणजे इंग्रजांच्या बाजूचं. बर्मिंगहॅमची ही कंपनी मुळात रिव्हॉल्व्हरवाली, पण जानेवारी १९११ मध्ये लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर गुन्हेगारांकडे ऑटोमॅटिक पिस्तुलं आणि पोलिसांकडे जुनाट हत्यारं असा प्रकार झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या पोलिसांनी वेब्लीचं .३२ घेतलं. आजोबांचं तेच घराणं. दिसायला चौकोनी, ब्राउनिंगसारखं गुळगुळीत नाही, घोडा बाहेर, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या. गंमत म्हणजे त्याची स्प्रिंग बॅरलच्या खाली गुंडाळलेली नसते, उजव्या ग्रिपच्या प्लेटखाली व्ही आकाराची पट्टी असते, आणि पिस्तूल उघडायचं तर ट्रिगर गार्ड पुढे ओढून सोडवावा लागतो. बाबांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा आधी मॅगझिन काढलं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये करंगळी घालून बघितली, मगच गार्डला हात लावला. मी आजही याच क्रमाने करतो, पिस्तूल रिकामं आहे हे पाठ असलं तरी.

आता कायदा. १८७८ चा आर्म्स ॲक्ट व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, हिंदी माणसाला लायसन्स सक्तीचं आणि युरोपियनांना सूट, हा अपमान लोक विसरले नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवीन कायदा आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि त्याच्या नियमांत ती यादी आली जिच्यामुळे आपलं कपाट ठरलं. .३८० आणि .४५५ चं रिमवालं काडतूस, सर्व्हिसचं ९ एमएम, .४५, हे ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं ते प्रॉहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर न मिळणारं. म्हणजे फौज आणि पोलीस जे काडतूस वापरतात ते सामान्य माणसाच्या हत्यारात बसताच कामा नये. ब्राउनिंगचंच हाय-पॉवर ९ एमएम आपल्या इशापूरच्या फॅक्टरीत बनतं, पण ते फौजेला आणि पोलिसांना, साध्या लायसन्सवर नाही. मग उरलं काय, तर मुख्यतः .३२ आणि त्याहून छोटं. त्यात १९८० च्या दशकात सामान्य लायसन्सवाल्यांसाठी आयात बंद झाली, आणि जेवढी वेब्ली, कोल्ट, वॉल्थर देशात होती तेवढ्यांतच फिरवाफिरवी सुरू झाली. युरोपात एकेकाळी खिशात टाकायचं साधं पिस्तूल होतं त्याची किंमत आपल्याकडे चढली ती या टंचाईमुळे, त्याच्या गुणामुळे नाही, आणि हे घेणाऱ्याने डोळे उघडून समजून घ्यावं.

म्हणून माझं मत असं की जुनं घ्यायचं तर नावाला भुलू नका. आधी फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या लायसन्सशी जुळतो का बघा. नवीन ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) केलेलं चकाचक असेल आणि अक्षरं पुसट झाली असतील तर सावध व्हा, पॉलिश करताना खड्डे लपवलेले असतात. बॅरल आतून उजेडात धरून बघा. मॅगझिन ओरिजिनल आहे का विचारा, कारण दुसरं मिळणार नाही. आणि ती स्प्रिंग, ती थकलेली असेल तर स्लाइड दरवेळी फ्रेमवर आदळते आणि शंभर वर्षांचं लोखंड तडकू शकतं, म्हणून चांगल्या आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय त्यातून एकही गोळी मारू नका. काडतूस घेताना पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं ते स्पष्ट सांगा, लायसन्सवर दोन्ही .३२ च लिहिलेलं असतं पण रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि ते यात चालत नाही. ज्याला रेंजवर नियमित सराव करायचा आहे त्याने सरळ ऑर्डनन्सचं अशनी हे .३२ चं नवीन पिस्तूल घ्यावं. रिव्हॉल्व्हरच हवा असेल तर वेब्लीच्या नावाचा .३२ आता उत्तर प्रदेशात संडीलाला बनतो.

वडिलोपार्जित असेल तर अजून एक गोष्ट. लायसन्सवाला माणूस गेला की पिस्तूल घरात ठेवता येत नाही, पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं, आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, ठाण्यात आणि नवी मुंबईत तो पोलीस कमिशनरकडे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे ३ ऐवजी २ च हत्यारं चालतात आणि लायसन्स ३ ऐवजी ५ वर्षांचं झालं. बाबा गेले तेव्हा आम्ही दुःखात होतो आणि हे काम मागे पडत होतं, काकांनी तेराव्याच्या आधी आठवण करून दिली म्हणून बरं झालं.

जमा केलेलं असतानाच आमच्या वेब्लीचं नुकसान झालं. आम्ही ते चामड्याच्या होल्स्टरमध्येच दिलं, ही चूक आमची. मध्ये पावसाळा गेला, ठाण्याची हवा तुम्हाला माहीतच आहे, खाडीची ओल आणि त्यात चामडं पाणी धरून ठेवतं. परत मिळालं तेव्हा स्लाइडच्या डाव्या बाजूला होल्स्टरच्या शिलाईची रेघ तशीच्या तशी गंजात उमटलेली होती. तेल आणि मऊ कापडाने गंज निघाला, रेघ राहिली. आता होल्स्टर वेगळ्या पिशवीत असतो, पिस्तूल तेल लावून सुती कापडात, आणि जूनपासून दर रविवारी मी ते उघडून पुसतो.