एनडीसी आणि जे-कोड: एकाच व्हायलचे दोन हिशेब

अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात रुग्णाला सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनचं (हे एक अँटिबायोटिक) १ ग्रॅमचं इंजेक्शन कमरेत दिलं जातं आणि त्याचा क्लेम, म्हणजे विमा योजनेकडे पैशांची मागणी, कितीदा तरी पुण्यात किंवा नवी मुंबईत बसलेलं कुणीतरी भरतं. औषधाची ती ओळ साधारण अशी दिसते: जे०६९६ (हा जे-कोड), युनिट ४, खाली एन४ (पुढे एनडीसी आहे याची खूण), अकरा आकडी एनडीसी (नॅशनल ड्रग कोड), यूएन १ (यूएन म्हणजे नग). वर ४, खाली १. दोन्ही बरोबर आहेत. नव्या माणसाला मात्र त्यातलं एक चुकलेलं वाटतं, तो दोन्हीकडे सारखा आकडा करून टाकतो आणि क्लेम परत येतो.

जे-कोड सांगतो औषध कोणतं आणि रुग्णाच्या अंगात किती गेलं. जे०६९६चं वर्णनच ‘सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सोडियम, दर २५० मिलिग्रॅमला’ असं आहे, म्हणून १ ग्रॅमचे ४ युनिट. तिथे १ लिहिलंत तर पाव पैसे मिळतील. १००० लिहिलंत तर क्लेम कमाल मर्यादेच्या तपासणीतच अडकेल. हे पाठांतरावर सोडू नका. सेफाझोलिनचा जे०६९० दर ५०० मिलिग्रॅमला आहे, तिथे त्याच १ ग्रॅमचे २ होतात. माल कुणाचा, याच्याशी जे-कोडला सहसा देणंघेणं नसतं. व्हायल (औषधाची छोटी बाटली) लुपिनची असो की सँडोझची, कोड तोच. (अपवाद आहेत: बॅक्स्टरच्या सेफाझोलिनला जे०६८९ हा वेगळा कोड आहे.)

एनडीसी सांगतो डबा कुणाचा आणि कुठला. पहिला भाग कंपनीचा, तो एफडीए (अमेरिकेची औषध नियामक संस्था) देते. औषधाचा आणि पॅकिंगचा भाग कंपनी स्वतः ठरवते. लेबलवर हे दहा अंक ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१ अशा मांडणीत असतात. क्लेमला लागतात अकरा, ५-४-२. जो भाग एका अंकाने कमी पडतो त्याच्या आधी शून्य घालायचं. झिथ्रोमॅक्सच्या ३० गोळ्यांच्या बाटलीवर ००६९-३०६०-३० असतं. पहिला भाग चार अंकी, म्हणून ०००६९३०६०३०. रेघा न बघता तेच दहा अंक ५-३-२ समजून मधे शून्य घातलं तर ००६९३००६०३० होतं, म्हणजे भलताच कोड. बारकोडखालच्या आकड्यांवरून एनडीसी उतरवू नये तो याचसाठी: तिथे या रेघा नसतात, शिवाय पुढे ३ आणि शेवटी एक तपासणीचा अंक चिकटलेला असतो.

खरा घोळ एनडीसीच्या पुढच्या संख्येत होतो. ती मिलिग्रॅममध्ये नाही, माल ज्या रूपात येतो त्यावरून मोजतात. कोरड्या पावडरीची व्हायल म्हणजे यूएन, एक व्हायल एक. तयार द्रवाचं इंजेक्शन असेल तर एमएल. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनच्या १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये स्नायूत देण्यासाठी २.१ किंवा ३.६ मिलिलिटर द्रव घालतात; चार्टवर तो आकडा दिसला की कुणीतरी एमएल ३.६ टाकतंच. पण कंपनीने विकली ती पावडर. तो द्रव दवाखान्याने घातला. दुखू नये म्हणून बऱ्याचदा १ टक्का लिडोकेन वापरतात. त्याच्या बाटलीवरही एनडीसी असतो, तो सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनच्या ओळीत येता कामा नये.

दोन कोड कशाला, तर रिबेटपायी. मेडिकेडला (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) औषध कंपन्या रिबेट देतात, म्हणजे किमतीतला काही भाग परत करतात, आणि नुसत्या जे-कोडावरून तो कुणाकडे मागायचा हे कळत नाही. म्हणून २००५च्या डेफिसिट रिडक्शन अ‍ॅक्टनंतर दवाखान्यात दिलेल्या औषधांसाठीही एनडीसी मागायला सुरुवात झाली. कंपनीचा रिबेट करार नसेल तर जे-कोड अचूक असूनही मेडिकेड पैसे नाकारू शकतं.

औषधाच्या दुकानातून दिलेल्या अमॉक्सिसिलिनला जे-कोड लागत नाही, सगळा कारभार एनडीसीवर. तिथे पावडरीचा नियम नेमका उलटतो: १०० मिलिलिटर सस्पेन्शनची (पाणी घालून करायच्या पातळ औषधाची) बाटली दुकानात पावडरच असते, पण बिलात १०० लिहायचे, १ नाही.

मेडिकेअर पार्ट बीमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचा दवाखान्यातल्या उपचारांचा भाग) १ ग्रॅमच्या सिंगल-डोस व्हायलमधलं अर्धं औषध टाकून दिलं तर जे०६९६च्या दोन ओळी होतात: दिलेल्याचे २ युनिट, टाकलेल्याचे जेडब्ल्यू ही खूण कोडाला लावून २. काहीच वाया गेलं नसेल तर १ जुलै २०२३पासून जेझेड ही खूण लावावी लागते.

जेनेरिकमध्ये आणखी एक पेच आहे. पुरवठादार जो माल स्वस्त असेल तो पाठवतो, त्यामुळे या महिन्यात एका कंपनीची व्हायल, पुढच्या महिन्यात दुसरीची. जे०६९६ हलत नाही, एनडीसी बदलतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच साठवलेला राहतो. सीएमएसचा (मेडिकेअर आणि मेडिकेड बघणारी सरकारी संस्था) एनडीसी–एचसीपीसीएस तक्ता (एचसीपीसीएस म्हणजे जे-कोड ज्यात येतात ती यादी) दर तिमाहीला नव्याने निघतो, पण कपाटात आज कुठली व्हायल आहे ते तो सांगणार नाही. ते लेबलच सांगेल; नर्सला इंजेक्शन भरतानाच त्याचा फोटो चार्टला जोडायला सांगा, कारण क्लेम भरेपर्यंत व्हायल कचऱ्यात गेलेली असते.