‘शीर आखडली’ म्हणजे नेमके काय आखडले?

मांडीचा मागचा भाग ओढला की ‘शीर आखडली’ म्हणायचे आणि हातांनी रगडून ती मोकळी करायची, ही रीत तालमीतल्या मालिशीइतकी जुनी आहे. मुंबईत या कामाला अभ्यासक्रमाची चौकट मिळाली ती १९५० च्या दशकात, पोलिओच्या पार्श्वभूमीवर परळच्या महापालिका रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले तेव्हा. स्नायू ताणायचा, रुग्णाला विरुद्ध दिशेने जोर लावायला सांगायचे आणि मग सैल सोडायला लावायचे, ही आज आझाद मैदानावरच्या वेगवान गोलंदाजावर सर्रास वापरली जाणारी पद्धतही १९४० च्या दशकात अमेरिकेत पोलिओसारख्या आजारांच्या रुग्णांसाठीच घडली होती.

खरा गुंता शब्दाचा आहे. बोलण्यातली ‘शीर’ स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आणि नस (इथे मज्जातंतू) या तिघांनाही चालते, आणि ‘आखडणे’ यात लांबी कमी होणे व ताठ वाटणे हे दोन्ही येते. फिजिओ खेळाडूला उताणे झोपवतो, मांडी काटकोनात धरायला लावतो आणि गुडघा सरळ करायला सांगतो. शेवटचे साधारण २० अंश राहिले, तर ‘हॅमस्ट्रिंग टाइट’, म्हणजे मांडीमागचा स्नायू ताठ, असा शेरा पडतो. पण पाठ वाकवून बसलेल्या त्याच खेळाडूने पाय सरळ करताना ओढ लागल्यावर नुसती मान वर केली आणि ओढ कमी झाली, तर दोष स्नायूपेक्षा नसेकडे जातो, आणि मग स्नायू कितीही रगडला तरी उपयोग बेताचाच. ही दुसरी चाचणी घाईत गाळली जाते, हे मात्र नमूद करायला हवे.

हाताने ताण दिल्यावर पाय अधिक उचलला जातो, यावर वाद नाही; वाद कारणाचा आहे. जोर लावल्यानंतर स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने सैलावतो, असे अनेक वर्षे शिकवले गेले. १९९० च्या दशकातील मोजमापांनी निराळे चित्र पुढे आणले: स्नायूचा विरोध जवळपास तितकाच राहतो, वाढते ती ताण सोसण्याची तयारी. जुने स्पष्टीकरण तरीही वर्गांतून हललेले नाही. पुढे, सामन्याआधी दीर्घकाळ स्थिर ताण दिल्यास जोर तात्पुरता घटतो, असेही दिसून आले, आणि दुखापत टाळण्यासाठी भर स्नायू लांबवत ताकद वाढवण्याच्या व्यायामांकडे वळला. एकदाच दिलेल्या ‘जोर लावा, सोडा’ ताणाचा लाभ किती टिकतो, हे २००१ च्या एका अभ्यासात मोजले गेले, तेव्हा उत्तर आले ६ मिनिटे, म्हणजे तंबूतल्या टेबलावरून उठून पॅड बांधून होईपर्यंत.