१३६६ × ७६८ जुन्या कार्डाच्या यादीत का नसतं?

जुना असेंबल्ड पीसी, मदरबोर्डवरचंच इंटेलचं ग्राफिक्स, आणि सीआरटी (जुना, मागे फुगीर असलेला काचेचा मॉनिटर) गेल्यावर आणलेला साडेअठरा इंची एलसीडी. चालू केला की अक्षरं आडवी फुगलेली, गोल आयकॉन अंडाकृती. रिझोल्युशनच्या, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या × उभ्या ठिपक्यांच्या, सेटिंगमध्ये पाहावं तर ८०० × ६००, १०२४ × ७६८, १२८० × १०२४ सगळं आहे. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेलं १३६६ × ७६८ तेवढं नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन मशिन जोडणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. आधी ड्रायव्हर पुन्हा टाकतात, मग विंडोज, आणि शेवटी मॉनिटरच बदलून मागतात. बहुतेक वेळा मॉनिटरचा काही दोष नसतो.

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही मॉनिटर जोडण्याची पद्धत आणली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ६४० × ४८०, तीन ओळींत १५ पिना, आणि त्यातल्या तीन-चार पिना केवळ ओळख पटवायला. अमुक पिन ग्राउंडला जोडलेली आहे की मोकळी, एवढ्यावरून ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र पाठवणारा भाग) ओळखायचं की समोर रंगीत मॉनिटर आहे की कृष्णधवल. यापलीकडे मॉनिटर स्वतःबद्दल काही सांगू शकत नव्हता, आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतंही.

घोळ झाला तो पुढे. एनईसीच्या मल्टिसिंकसारखे मॉनिटर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींशी जुळवून घ्यायला लागले आणि कार्डवाल्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने ८०० × ६०० द्यायला सुरुवात केली. या बजबजपुरीला शिस्त लावायला व्हेसा ही संघटना उभी राहिली. तरीही मॉनिटरला काय झेपेल हे ठरवणं वापरणाऱ्याच्याच गळ्यात होतं. नव्वदच्या दशकात लिनक्स टाकणाऱ्याला मॅन्युअल उघडून आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा हाताने लिहाव्या लागत. आकडा चुकला तर चित्र फाटायचं, मॉनिटर शिट्टी घालायचा, आणि संरक्षण नसलेल्या जुन्या सीआरटीचं ईएचटी (अतिउच्च दाबाची वीज देणारं) सर्किट जळण्याचीही भीती असे. आता पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ असं येतं तेव्हा लोक वैतागतात; मला तो संदेश म्हणजे मोठी सुधारणा वाटते.

१९९४ मध्ये व्हेसाने डीडीसी ही मॉनिटर-कार्ड संवादाची पद्धत आणली आणि मॉनिटरला वाचा फुटली. त्याच व्हीजीए केबलमधल्या १२ क्रमांकाच्या पिनेवरून डेटा, १५ वरून क्लॉक. कार्ड विचारतं, मॉनिटर १२८ बाइटचं ओळखपत्र पाठवतो: कंपनी, मॉडेल, कुठल्या वर्षी बनला, कोणकोणती रिझोल्युशन चालतात. याचं नाव ईडीआयडी. शेवटचा बाइट बेरीज जुळवायला असतो. बेरीज चुकली की कार्डाने सगळंच अविश्वसनीय मानायचं.

आता या १२८ बाइटांत काटकसर कशी केली होती ते पाहा. त्यातल्या ‘स्टँडर्ड टायमिंग’ नावाच्या भागात एका रिझोल्युशनला फक्त दोन बाइट. पहिल्या बाइटमध्ये रुंदी, पण सरळ नाही: रुंदीला ८ ने भागून त्यातून ३१ वजा करून. दुसऱ्यात रुंदी-उंचीचं गुणोत्तर आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा). उंची लिहितच नाहीत, ती गुणोत्तरावरून काढायची. १०२४, १२८०, १६०० हे सगळे आकडे ८ च्या पाढ्यातले, म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

मग रुंद पडदे आले. ७६८ ओळी कायम ठेवून १६:९ करायचं तर रुंदी येते १३६५.३३. ती केली १३६६. हिला ८ ने भागलं तर १७०.७५! म्हणजे दोन बाइटांच्या त्या खोक्यात हा आकडा बसतच नाही. मॉनिटर १३६० लिहितो, आणि १६:९ ने हिशेब केला की उंची निघते ७६५. असलं रिझोल्युशन जगात कुणी बनवत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, यासाठी चक्क एक खास अट आहे: ६० हर्ट्झला १३६० × ७६५ किंवा १३६८ × ७६९ दिसलं तर ते १३६६ × ७६८ समजावं. खरा आकडा १८ बाइटांच्या ‘डिटेल्ड टायमिंग’मध्ये नीट लिहिता येतो, पण तो वाचला तरी जुन्या कार्डाला किंवा ड्रायव्हरला ८ च्या पटीत नसलेली रुंदी चालेलच असं नाही. म्हणून अशा मशिनवर १३६० × ७६८ मिळालं तर तेच घ्यावं. कडेला सहा पिक्सेल गेले तर बिघडत नाही.

इंटेलच्या ८४५, ८६५, ९१५ चिपसेटवर आणखी एक मेख होती. तिथे रिझोल्युशनची यादी व्हिडिओ बायोसमध्ये (ग्राफिक्सच्या चिपमधल्या पक्क्या प्रोग्रॅममध्ये) आधीच कोरलेली असे, आणि लिनक्सचा तेव्हाचा ड्रायव्हर तिच्यावरच विसंबून होता. मॉनिटरने काहीही सांगितलं तरी यादीत नसलेलं मिळायचं नाही. त्यावर ‘९१५रिझोल्युशन’ नावाची छोटी युक्ती निघाली: मेमरीत आलेल्या बायोसच्या नकलेतली एक ओळ खोडून हवा तो आकडा लिहायचा. मशिन बंद केलं की गेलं, म्हणून दर वेळी बूट होताना पुन्हा.

सीआरटीच्या काळात यातलं बरंच खपून जायचं, कारण तिथे ठरावीक पिक्सेलची जाळी नसते; ६४० पाठवा की १०२४, चित्र त्यातल्या त्यात बरंच दिसतं. एलसीडीची जाळी पक्की, त्यामुळे आकडा चुकला की लगेच डोळ्यांत खुपतो.

केबलचा संशय मात्र सगळ्यात आधी घ्यावा. स्वस्त व्हीजीए केबलमध्ये १२ आणि १५ या पिनांच्या तारा कधी जोडलेल्याच नसतात. चित्र उत्तम येतं, रंग ठीक, पण ओळखपत्र पोचत नाही. मग विंडोज ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असं नाव दाखवतं आणि १०२४ × ७६८ च्या आसपास थांबतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे नाव दिसलं तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी दुसरी केबल लावून पाहावी.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करण्याचं जाहीर केलं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० या ग्राफिक्स कार्डाच्या डीव्हीआय (व्हीजीएनंतरच्या डिजिटल) जोडणीत, २०१६ मध्ये, अॅनालॉग पिनाच उरल्या नव्हत्या. जुना साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड तिथे बसतही नाही. आता उलटी अडचण आहे: नवं कार्ड, जुना मॉनिटर, मध्ये डिजिटलचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर. तो मॉनिटरचं ओळखपत्र पुढे न देता स्वतःचंच देत असेल, तर कार्ड खुशाल १९२० × १०८० पाठवतं आणि १७ इंची पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ उमटतं. अशा वेळी दुसरा चालू मॉनिटर लावून रिझोल्युशन १२८० × १०२४ वर आणावं, किंवा सेफ मोडमध्ये जाऊन कमी करावं, आणि मग कन्व्हर्टर बदलावा.