हंगामी रोजगार व्हिसा (स्की रिसॉर्ट)

हंगामी रोजगार व्हिसा (स्की रिसॉर्ट) : बर्फाच्या हंगामापुरते परदेशी कामगार आणण्यासाठी दिला जाणारा मुदतीचा प्रवेश-परवाना. अमेरिकेतील कोलोरॅडो, यूटा, व्हरमाँट आदी राज्यांत स्कीचा हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत चालतो. तेवढ्या काळात चेअरलिफ्टवरचे मदतनीस, खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरातील हाताखालचे लोक आणि स्की भाड्याने देणारे मोठ्या संख्येने लागतात. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने अमेरिकन पद्धतीचा विचार, नाशिक परिसरातून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांच्या संदर्भात, केला आहे.

उगम : बिगरशेती हंगामी कामासाठीच्या ‘एच-२बी’ या वर्गाचे मूळ कोठे धरावे, याबाबत एकवाक्यता नाही. कायद्याच्या अंगाने पाहणारे १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टकडे बोट दाखवतात, कारण ‘एच-२’ हे नाव तेथूनच रूढ झाले. काही जण त्याही मागे, १९१७ च्या कायद्यातील सवलतीपर्यंत जातात. त्या कायद्याने घातलेली साक्षरतेची अट मेक्सिकन शेतमजुरांपुरती तात्पुरती शिथिल करण्यात आली होती. तथापि ती युद्धकाळातील तडजोड होती आणि १९२० च्या दशकाच्या आरंभीच आटोपली. तिला आजच्या व्यवस्थेची जननी म्हणणे जरा ताणल्यासारखे होते. अधिक पटते ते तिसरे मत. १९४३ च्या सुमारास जमेका, बहामा आदी कॅरिबियन बेटांवरून मजूर आणण्याची योजना सुरू झाली, त्यांतील बरेच जण पुढे फ्लॉरिडात ऊसतोडीला लागले आणि १९५२ नंतर हीच भरती एच-२ च्या चौकटीत चालू राहिली. कामगार एकाच मालकाशी बांधलेला, काम सुटले की देशही सोडायचा, हा या व्हिसाचा स्वभाव उसाच्या फडातच घडला असे दिसते. गोदाकाठच्या साखरपट्ट्यात मजूर मुकादमाच्या उचलीने बांधला जातो. तिकडे तेच काम व्हिसाच्या कागदाने केले. १९८६ च्या कायद्याने शेतीसाठी ‘एच-२ए’ आणि बिगरशेतीसाठी ‘एच-२बी’ अशी फोड झाली, आणि रिसॉर्ट दुसऱ्या वर्गात गेले.

मर्यादा व प्रक्रिया : १९९० च्या कायद्याने एच-२बी ची वार्षिक मर्यादा ६६,००० ठरवली. २००५ मध्ये तिचे दोन भाग झाले : १ ऑक्टोबरपासूनच्या सहामाहीसाठी ३३,००० आणि १ एप्रिलपासूनच्या सहामाहीसाठी ३३,०००. रिसॉर्टची सारी भिस्त पहिल्या भागावर असते. अर्ज कामगार करीत नाही. मालकाला आधी स्थानिक माणसे मिळत नसल्याचे दाखवून श्रम खात्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तो अर्ज काम सुरू होण्याच्या ७५ ते ९० दिवस आधीच करता येतो. म्हणजे डिसेंबरच्या बर्फाची तजवीज सप्टेंबरात. कामगाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास मनाई आहे. २०२० च्या जूनमध्ये अध्यक्षीय आदेशाने एच-२बी आणि ‘जे-१’ या देवाणघेवाण-व्हिसाचे काही वर्ग स्थगित झाले. ही स्थगिती मार्च २०२१ अखेरपर्यंत टिकली, त्यामुळे त्या हिवाळ्याची परदेशी भरती कोलमडली.

विद्यार्थ्यांसाठीचा ‘जे-१ समर वर्क ट्रॅव्हल’ हा दुसरा मार्ग. यात मायदेशातील दीर्घ सुटीत जास्तीत जास्त चार महिने काम करता येते. उत्तर गोलार्धात बर्फ पडते तेव्हा पेरू, अर्जेंटिना, चिली येथे उन्हाळी सुटी असते, त्यामुळे लिफ्टपाशी दक्षिण अमेरिकन विद्यार्थी सर्रास दिसतात.

नाशिक परिसर : आपल्याकडची मोठी सुटी उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे बर्फ वितळू लागल्यावर येते, त्यामुळे हा विद्यार्थी-मार्ग येथील मुलांच्या फारसा उपयोगाचा नाही. एच-२ साठी २००९ पासून पात्र देशांची यादी होती, तीत भारत नव्हता. यादीबाहेरच्यांना अपवादानेच प्रवेश मिळे. जानेवारी २०२५ मध्ये ही यादीच रद्द झाली. तोवर हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्यांना खुला होता तो जे-१ चा इंटर्न वा ट्रेनी वर्ग, आदरातिथ्य क्षेत्रात कमाल १२ महिन्यांचा. त्याची एक अट एजंट क्वचितच समजावून सांगतात : सहा महिने वा त्याहून मोठ्या कार्यक्रमात किमान तीन विभागांत फिरवून शिकवावे लागते आणि अकुशल कामाला हा व्हिसा चालत नाही. केवळ खोल्या आवरायला किंवा लिफ्टवर उभे करायला ट्रेनी नेणे नियमात बसत नाही. प्रशिक्षणाचा आराखडा डीएस-७००२ या अर्जात विभागवार लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो वाचणे इष्ट.

मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. अर्जदार परत येणार नाही असे गृहीत धरूनच अधिकारी प्रश्न विचारतो. ते खोडण्याची जबाबदारी अर्जदाराची. द्राक्षबागायतदारांची मुले यासाठी सातबारा उतारा फाइलीत लावून नेतात, परंतु निकाल बहुधा दोन-चार मिनिटांच्या बोलण्यावरच लागतो.

भारतीय बाजूने १९८३ चा उत्प्रवासन कायदा लागू होतो. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणी आवश्यक असून त्याने घ्यावयाचे शुल्क कमाल ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी एवढेच आहे; एच-२बी साठी मात्र वर सांगितलेली अमेरिकन मनाई आहेच. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते. गंमत अशी की ज्या पासपोर्टावर हे व्हिसे चिकटतात तो नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच छापला जातो. १९२५ च्या सुमारास टपाल तिकिटांच्या छपाईने सुरू झालेला हा छापखाना भारताच्या व्हिसाचे स्टिकरही छापतो.

अन्य देश : ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ (उपवर्ग ४६२) व्हिसा खुला केला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. तेथील थ्रेडबो, पेरिशर या स्की रिसॉर्टांत हंगाम जून ते ऑक्टोबर असतो. जपानमध्ये २०१९ पासूनच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ वर्गात निवासव्यवस्थेचे काम येते. भारताशी तसा करार २०२१ मध्ये झाला. त्यासाठी जपानी भाषेची आणि कौशल्याची परीक्षा द्यावी लागते.